डाव्या हाताचा खुलासा

खुलासा मागणारा कागद आला की तिला मनातून बरंच वाटे. जुन्या दप्तरांच्या त्या तळघरात दिवसच्या दिवस तिच्याशी कोणी बोलत नसे. कागदावर का होईना, कोणीतरी काहीतरी विचारतंय, एवढं तरी समाधान. ‘पान एकशे सात दोनदा आले आहे, खुलासा करावा.’ ‘रंगपट्टी तिरकी ठेवली आहे, खुलासा करावा.’ ती जागच्या जागी दोन ओळी खरडी, खाली सही ठोकी आणि कागद परत धाडी. तीस वर्षांच्या नोकरीत तिने इतके खुलासे केले होते, की उद्या वर गेल्यावर कोणी जाब विचारलाच, तर तोही तिने तीन प्रतींत देऊन टाकला असता. पण त्या बुधवारी आलेला कागद तिने वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. ‘गठ्ठा दोनशे चौदा. प्रतिमा एकतीस ते सत्तेचाळीस यांमध्ये दोन वेगवेगळ्या व्यक्तींचे हात दिसत आहेत. नोंद मात्र एकाच व्यक्तीची आहे. यंत्रावर एका वेळी एकानेच काम करावयाचे आहे. तरी दुसरी व्यक्ती कोण, याचा खुलासा करावा.’

दुसरी व्यक्ती! ती स्वतः, ते यंत्र आणि जन्ममृत्यूच्या नोंदींची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची बाडं, याखेरीज अकरा वर्षांत त्या खोलीत कोणी मुक्कामाला आलेलं नव्हतं. शिपाई गठ्ठे आणून टाकी, तेही दारातूनच. काम असं होतं: बाड टेबलावर उघडं ठेवायचं, शेजारी रंग पडताळायची रंगपट्टी ठेवायची, फुगलेलं पान हाताने हलकेच सपाट धरायचं आणि पायाखालचं बटण दाबायचं, की वरचा कॅमेरा खट्ट करून फोटो घेई. हातमोजे घालायला सक्त मनाई, कारण मोजे घातले की बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. त्यामुळे प्रत्येक फोटोत पानाबरोबर हातही येत. बहुतेक वेळा डावा एकटाच, कारण उजवा पान उलटून बाजूला होई. बाड मोठं असलं तर मात्र दोन्ही लागत. ते फोटो मग दुसऱ्या इमारतीत तपासनिसाकडे जात, आणि तपासनीस कडेकडेने हात कापून टाकून पान तेवढं ठेवी. हा तपासनीस बाई की बुवा, हेही तिला ठाऊक नव्हतं. सही पाहावी तर कोणी टिचकी मारल्यासारखी, म्हणून ती मनातल्या मनात त्या माणसाला टिचकी म्हणे. अकरा वर्षं टिचकी तिचे हात कापत आली होती, आणि आज पहिल्यांदाच टिचकीने ते पाहिले होते.

तिने दिव्याखाली दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले. उजवा सावळा, भरीव, सत्तावन्न वर्षं राबलेला पण अजून हुकमी. डावा मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत निळसर-जांभळा, आणि पाठीवरची कातडी इतकी पातळ, की कांद्याचा आतला पापुद्रा काढून वरून चिकटवला असावा. खालच्या शिरा नुसत्या दिसत नव्हत्या, मोजता येत होत्या. मूठ उघडली की कातडीवर बारीक चुण्या पडत आणि त्या आपापल्या सवडीने मिटत. कोपरापर्यंत हातावर लव म्हणून राहिली नव्हती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. भांडी घासताना, केस विंचरताना ती हा हात पाहतच होती. पण रोज पाहणं म्हणजे न पाहणंच. थंडीने होतं, वयाने होतं, तळघरात ऊन नाही म्हणून होतं, अशी एकेक कारणं तिने त्या हाताला देऊन ठेवली होती, आणि कारण मिळालं की माणूस गप्प बसतो. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मागे कधीतरी ‘रक्त नीट फिरत नाही’ म्हणून मलम दिलं होतं. मलम संपलं तसा विषयही संपला. आता एका परक्या माणसाने, ज्याला तिच्याबद्दल माया नाही आणि वैरही नाही, सरकारी कागदावर लिहून कळवलं होतं की हा हात या बाईचा दिसत नाही. तिला आधी हसू आलं. तिने लिहिलं, ‘दोन्ही हात माझेच आहेत.’ जरा थांबून पुढे लिहिलं, ‘डाव्याचा रंग आजकाल बदलला आहे.’ मग ‘आजकाल’ खोडून ‘काही वर्षांपासून’ केलं आणि कागद पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी टिचकीचं उत्तर आलं: ‘खुलासा मान्य. डॉक्टरांना दाखवावे.’

हे कोणी तोंडी सांगितलं असतं तर तिने कानाआड केलं असतं. लेखी आदेश मात्र ती मोडत नसे. शुक्रवारी अर्धी रजा टाकून ती कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बसमध्ये नेहमीसारखी खिडकीशी बसली, डावा हात खिडकीकडे येईल अशी, म्हणजे शेजारच्याचं कोपर, कोणाची पिशवी, कोणाच्या कोटाची बाही त्याला लागू नये. आता विचार करायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं ती अशीच राहत होती. गर्दीच्या वेळी बाहेर पडायचं नाही. कोणी हात पुढे केला तर नुसती मान लववायची. झोपताना डावा हात पांघरुणाच्या वर, कारण पांघरुणाचंही ओझं होई. एखादी काचेची वस्तू जपावी तसं तिने स्वतःलाच एका कडेला ठेवून दिलं होतं, आणि लोकांना वाटे, बाईंचा स्वभावच तुटक.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलक्या. त्यांनी हात उशीवर ठेवायला सांगितला, भिंगातून पाहिलं, कोपराशी एक गाठ होती ती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “दोन्ही हात एकदम नाही झाले असे?”

“नाही. हाच एकटा.”

“बोटं चालतात?”

“चालतात ना. तळव्याला काही होत नाही. कामाला चांगलाय.”

मग त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि हाताच्या पाठीवरून नुसता फिरवला. तिने हात असा हिसडून घेतला की बोळा उडून जमिनीवर पडला. ती ओशाळली. “माफ करा हं. मी मुद्दाम नाही केलं.”

“तुम्ही कुठे काय केलंत?” डॉक्टरीणबाई बोळा उचलता उचलता म्हणाल्या. “हात नसेने ओढला. तुम्हाला विचारूनसुद्धा नाही ओढला.”

त्यापुढचं तिला धड ऐकू आलं नाही. रक्त तपासायचं, कातडीचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा काढून पाठवायचा, दोन आठवड्यांनी यायचं, असं काहीबाही त्या सांगत होत्या आणि ती मान हलवत होती. कानात ते एकच वाक्य अडकून बसलं होतं. विचारूनसुद्धा नाही ओढला. परतताना ती बस सोडून चालतच निघाली, आणि वाटभर आई आठवत राहिली. सहा वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली ती दोन वर्षं, शेवटपर्यंत. पलंग भिंतीला लावलेला, खुर्ची मावायला एकच बाजू. दाराकडे तोंड करून ती त्या खुर्चीत बसली की तिचा डावा हात आईच्या बाजूला येई. संध्याकाळ झाली की आई चाचपडायला लागे. तिची बोटं पांघरुणावरून सरकत सरकत कडेला येत, खुर्चीच्या हातावर चढत आणि लेकीचा हात सापडला की तो वरून घट्ट आवळत. आणि चिमी हात काढून घेई. घरात तिला चिमी म्हणत. तीस वर्षांची झाली, पन्नास वर्षांची झाली तरी चिमीच. पहिल्या वेळी तापलेलं उलथणं टेकल्यासारखं झालं आणि हात आपोआप मागे आला. नंतर नंतर तर आईचा हात लागायच्या आधीच ती उठे, पाणी आणायला जाई, खिडकी लावायला जाई, गॅस बंद केला की नाही ते पाहायला जाई. शेवटी तिने खुर्चीच पायथ्याशी ओढून नेली. आईची बोटं तेवढी पांघरुणाच्या कडेपर्यंत येऊन थांबायची. ते थांबणं चिमीने रोज पाहिलं होतं, आणि एकदा पाहिलेलं परत न पाहिलेलं करता येत नाही.

तिने त्याला नावही देऊन टाकलं होतं. किळस. आपल्याला आईची किळस येते, हे तिने एके दिवशी ताटली धुता धुता स्वतःला सांगितलं आणि निकाल लागल्यासारखी गप्प झाली. कारण बाकी सगळं ती करत होती. भरवत होती, अंग पुसत होती, कूस बदलून देत होती, डायपर बदलत होती. शेजारच्या काकू म्हणत, अशी लेक नशीब लागतं मिळायला. काम करताना काही होत नाही आणि आईने नुसता मायेने हात धरला तर भाजतं, याचा दुसरा काय अर्थ लावायचा? हातात दोष नाही म्हणजे मनातच आहे. असा हिशेब तिने जुळवला आणि तो कोणालाही दाखवला नाही. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा आला. तो दूरच्या शहरात पुलांची कामं पाहायचा, निवृत्तीनंतर तिकडेच राहिलेला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पिताना तो म्हणाला, “आई फोनवर म्हणायची, चिमी हात धरू देत नाही. मला वाटायचं, भ्रमात बोलतेय. खरंच नाही धरू दिलास?” ती म्हणाली, “नाही.” त्याने कप विसळून पालथा घातला आणि बॅग भरायला गेला. तेव्हापासून चार वर्षं दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन येई आणि दहा मिनिटं हवा, गुडघे, पाणीकपात यांवर बोलणं होई. दोघांत भांडण नव्हतं. असतं तर मिटलं तरी असतं. आता जगात तिला चिमी म्हणणारं ते एकच माणूस उरलं होतं, आणि तेही दहा मिनिटं बोलून फोन ठेवून देई.

दोन आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. आशेने माणूस जितका झुरतो तितका दुःखाने झुरत नाही. जर तो हात नसेनेच ओढला असेल, तर. ती भाजी चिरताना थांबे आणि डाव्या हाताकडे असं पाही, की जणू तो साक्षीला उभा राहणार आहे आणि फिरला तर सगळंच मुसळ केरात.

“सापडलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चोर पकडल्यासारख्या खुशीत होत्या. “लाइम नावाचा आजार आहे. लिंबाशी काही संबंध नाही, कुठल्याशा गावाचं नाव आहे. गोचिडीच्या चाव्यातून होतो. कधी गोचीड चावली होती तुम्हाला?”

“मला? मी काय गुरं राखते?”

“गवतात, रानात, डोंगरात कुठे गेला होतात? फार पूर्वी? दहाबारा वर्षांपूर्वीसुद्धा चालेल.”

आणि तिला ते गवत आठवलं. बारा वर्षांपूर्वी दादा अचानक येऊन थडकला होता आणि म्हणाला होता, चिमे, तू जा कुठेतरी चार दिवस, मी थांबतो आईजवळ. आईला घरात एकटीने झोप येत नसे, म्हणून चिमी कुठे जातच नसे. ती एकटीच डोंगरावरच्या एका विश्रामगृहात गेली. कमरेएवढं गवत, संध्याकाळी कुंपणाशी येऊन थांबणारी हरणं, आणि दुसरं काही नाही. तिने बाह्या वर केल्या आणि भर दुपारी गवतात आडवी झाली, आणि तिच्या मनात एकही विचार आला नाही. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं. निघायच्या दिवशी डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला तिळाएवढं काहीतरी काळं चिकटलेलं दिसलं. तिने नखाने उपटून टाकलं. घरी आल्यावर तिथे लाल कडं उमटलं. आईनेच पहिल्यांदा पाहिलं. “नायटा झालाय गं तुला,” म्हणाली आणि फडताळातून मलम काढून स्वतःच्या हाताने लावू लागली. कडं मोठं मोठं होत गेलं आणि महिन्याभराने नाहीसं झालं. श्रेय अर्थातच मलमाला आणि आईला मिळालं. आयुष्यात एकदा चार दिवस अंग मोकळं सोडलं, तर त्या अंगाला हे चिकटून आलं होतं.

“ते जंतू कातडीत बिऱ्हाड करतात,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “आधी रंग बदलतो, सूज येते, मग वर्षानुवर्षांनी कातडी झिजून पातळ होते. आणि नसा बिघडतात, म्हणून नुसता स्पर्श सोसत नाही. येणाऱ्या बहुतेकांनी ते म्हातारपणावर ढकललेलं असतं. महिनाभर गोळ्या घ्या. दुधाबरोबर नको आणि उन्हात हिंडायचं नाही. निळेपणा उतरेल, जळजळही हळूहळू कमी होईल. गेलेली कातडी मात्र परत येत नाही, ते आत्ताच सांगून ठेवते. बरं, हे सुरू कधी झालं, काही अंदाज?”

“पाहून सांगते.”

“पाहून? कुठे पाहणार?”

“दप्तरात,” ती म्हणाली.

टिचकी हात कापी ते नकलेतून. मूळ फोटो पुसायचा नाही, हा नियम होता, आणि ते सगळे मूळ फोटो तबकड्यांवर उतरवून तिच्याच ताब्यातल्या लोखंडी कपाटात, डब्यांवर महिने लिहून, ओळीने लावलेले होते. इतर बायका लग्नाचे, बारशाचे आल्बम चाळतात. तिचा आल्बम हा होता. शनिवारी अर्ध्या दिवसाने इमारत रिकामी झाल्यावर तिने कपाट उघडलं आणि दर महिन्याच्या पहिल्या दिवसाचा एक फोटो, असं अकरा वर्षं मागून पुढे यायला सुरुवात केली. तिला एकच गोष्ट पाहायची होती. आई पडली त्या ऑक्टोबरात हा हात कसा होता? चांगला असेल, तर किळस खरी. आधीच बिघडलेला असेल, तर चार वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात तिने दिलेलं उत्तर अर्धवट होतं, आणि दादाला ते पूर्ण करून सांगता येणार होतं.

पहिल्या वर्षीचा हात पाहून ती हरखलीच. किती गोंडस हात होता हा! मनगटावर घड्याळ, बोटं पानावर अशी टेकलेली की जणू पान झोपलं आहे आणि त्याला उठवायचं नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मनगटाच्या हाडाशी एक डाग आला, पिकायला लागलेल्या जांभळासारखा. कॅमेऱ्याची खोडी म्हणावी तर शेजारी रंगपट्टी ठेवलेली होती आणि तिच्यातला तांबडा तांबडा होता, करडा करडा होता. चौथ्या वर्षात डाग बोटांकडे उतरला. हात सुजला. घड्याळाचा पट्टा एकेक भोक सैल होत गेला आणि एका जूनमध्ये घड्याळ डाव्या मनगटावरून गेलंच. तिला आठवलं, पट्टा चावतो म्हणून तिने ते उजव्यावर बांधलं होतं आणि आई हसली होती, आता वेळही उलटी दिसेल म्हणून. तो जून होता. आई पडली ती पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. सोळा महिने. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. “होता,” ती रिकाम्या तळघरात मोठ्याने म्हणाली. “आधीच होता.” आणि टेबलावर डोकं ठेवून ती रडली. फार बरं वाटलं. आई गेली तेव्हाही तिला असं रडता आलं नव्हतं, कारण आपल्याला तो हक्क नाही असं तिला वाटलं होतं.

तिथे थांबायला हरकत नव्हती. जे हवं ते मिळालं होतं. पण गठ्ठा उघडला की शेवटच्या पानापर्यंत जायचं, ही तीस वर्षांची खोड. ती पुढे पाहत गेली. सूज ओसरली, कातडी सुरकुतायला लागली, शिरा वर आल्या. मग आई गेली त्या महिन्याचा डबा आला. मृत्यूच्या नोंदींचं एक भलंमोठं बाड होतं, दोन्ही हातांनी धरावं लागणारं. आई जायच्या अकरा दिवस आधीचा फोटो. डावा हात ओळखीचाच, निळा, बापुडवाणा. आणि त्याच्या शेजारी, पानाच्या दुसऱ्या कडेला, घड्याळ बांधलेला उजवा. सावळा, भरीव, निरोगी. काही म्हणता काही झालेलं नव्हतं त्याला.

तिने फोटो मोठा केला. मग आणखी मोठा. हा कुठे होता? सकाळी चमचा धरत होता, दुपारी पान धरत होता, पण संध्याकाळी? संध्याकाळी तो तिच्या मांडीवर होता. रिकामा. खुर्ची उचलून फिरवली असती, दाराकडे तोंड करण्याऐवजी पाठ करून बसली असती, तर तो आईच्या बाजूला आला असता. लहान पोराचा एक हात दुखला तर ते दुसरा पुढे करतं, त्याला शिकवावं लागत नाही. दोन वर्षं, रोजची संध्याकाळ, आणि तिला ते एकदाही सुचलं नाही. सुचलं नाही? त्या फोटोसमोर बसून तिने स्वतःला खरं सांगितलं. ती दमली होती. तिला आईचा राग होता. आई वाईट होती म्हणून नाही. आई होती म्हणून, आणि तिच्याजवळ राहायला चिमीच होती म्हणून. हात भाजला की उठून जायला कारण मिळे, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभं राहिलं की सुटल्यासारखं वाटे. डावा हात आजारी होता हे खरं. पण त्याच्या आडोशाला ती स्वतः उभी होती, धडधाकट. या दुसऱ्या गोष्टीला कुठल्या डॉक्टरकडे नाव नव्हतं आणि महिनाभराच्या गोळ्याही नव्हत्या.

रविवारी अकराला फोन वाजला. हवा झाली, गुडघे झाले. मग तिने सांगितलं. गोचीड, लाइम, नसा, कापसाचा बोळा. दादा जन्मभर पुलांच्या भेगा तपासलेला माणूस, त्याने मधेच थांबवून विचारलं, “सुरू कधी झालं? नक्की तारीख आहे?”

“आई पडायच्या आधी सोळा महिने सूज होती. फोटो आहेत. रंगपट्टीसकट.”

“म्हणजे आई हात धरायला यायची तेव्हा,” तो म्हणाला आणि अडखळला. “म्हणजे तुझा हात तुझ्या ताब्यातच नव्हता.”

“नस ओढते म्हणे.”

“आणि मी तुला तेव्हा, त्या दिवशी चहा पिताना.” त्याने नाक शिंकरलं. “चिमे, तू इकडे ये. महिनाभर ये. वरची खोली रिकामीच असते, ऊनही येत नाही तिथे. गोळ्या इथे घे. वहिनी केव्हाची म्हणतेय, त्यांना बोलवा म्हणून. मीच आपला.”

चार वर्षं ज्याची भूक होती ते ताटात वाढून समोर आलं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिला ती वरची खोली दिसली. सकाळी खालून वहिनीची हाक येईल, जेवायला तिघंजण बसतील, रात्री जिन्यात कोणाची तरी पावलं वाजतील. दादा तिला जपेल, पाहुण्यांना सांगेल, बिचारीला आजार होता आणि आम्हाला कळलंच नाही. आणि त्या खोलीत जी राहील ती बिचारी असेल. चिमी इथेच राहील, त्या पायथ्याशी ओढलेल्या खुर्चीत, आणि मग तिला त्या नावाने हाक मारणारं कोणीच उरणार नाही.

“दादा,” ती म्हणाली, “उजवा चांगला होता.”

“काय?”

“उजवा हात. त्याला काही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं. तो देता आला असता मला. खुर्ची फिरवली असती तरी पुरे होतं. मी नाही फिरवली.”

तिकडे कुठेतरी नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. तिने वाट पाहिली. ठेवला फोन तर ठेवू दे, असं तिने मनाशी म्हटलं, पण ते खरं नव्हतं. तो ठेवू नये म्हणून तिने फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“चिमे,” दादा म्हणाला. “माझे तर दोन्ही चांगले होते. आईने आपणहून कधी तुझी तक्रार केली नाही गं. मीच इथे बसून दर फोनला तिला खोदून खोदून विचारायचो, चिमी तुझा हात धरते ना?”